पूर ओसरल्यावर मदतीला उतरताय? स्वयंसेवक, सामान आणि पैसे सांभाळायचे कसे

२०१९ च्या ऑगस्टमधला कृष्णा-पंचगंगेचा पूर आणि नंतर २०२१ च्या जुलैमधलं चिपळूण, या दोन्हीकडे मी मदतीच्या कामात होतो. दर वेळी एकच दिसतं. मंडळं, तालमी, सोसायट्या, कॉलेजचे ग्रुप, सगळे मनापासून उतरतात आणि सगळे त्याच त्याच ठिकाणी अडकतात. सामान नको तिथे जातं, पोरं आजारी पडतात, पैशावरून ग्रुपमध्ये भांडणं होतात आणि ज्या घराला खरंच हात पाहिजे होता ते घर तसंच गाळात राहतं. म्हणून पहिल्यांदा हे काम हातात घेणाऱ्यांसाठी हे सगळं नीट लिहून ठेवतोय. माझं म्हणणं थोडक्यात एवढंच की काम गावाच्या गरजेपासून सुरू करा, तुमच्या गाडीपासून नको.

हे सगळं पाणी ओसरल्यानंतरच्या कामाबद्दल आहे. पुरात अडकलेल्या माणसांना बाहेर काढणं हे एनडीआरएफ, लष्कर आणि पट्टीच्या पोहणाऱ्यांचं काम आहे, त्यात हौशी माणसाने पडू नये. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं गेली, बोटीत झेपतील त्यापेक्षा जास्त लोक बसले होते. तेवढं लक्षात ठेवा आणि पाणी असेपर्यंत काठावर थांबून तयारी करा, ती पण मदतच आहे.

१. गाडी भरायच्या आधी फोन करा

गाडी भरून निघायचं आणि मग रस्त्यात विचारायचं की कुठे देऊ, असं करू नका. आधी जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला फोन लावा, नंबर १०७७ (राज्याचा १०७०). त्यांच्याकडून कुठले रस्ते चालू आहेत आणि कुठल्या तालुक्यात काय स्थिती आहे ते कळतं. पण गावातली खरी गरज तिथे कळणार नाही, त्यासाठी गावातल्या दोन वेगवेगळ्या माणसांशी बोला. एक सरपंच, ग्रामसेवक किंवा तलाठी, आणि दुसरी व्यक्ती म्हणजे आशाताई किंवा अंगणवाडीच्या ताई. हे दोन नंबर मिळवल्याशिवाय मी कुठल्याच गावाचं काम धरत नाही, कारण सरपंच गावाचं सांगतो आणि आशाताईला कुठल्या घरात बाळंतीण आहे, कुठे म्हातारी एकटी आहे, कुणाची शुगरची गोळी वाहून गेली ते घरासकट माहीत असतं.

विचारायचं काय, तर किती घरांत पाणी शिरलं होतं, लोक घरी परतले का अजून शाळेत किंवा छावणीत आहेत, लाईट आली का, नळाचं पाणी सुरू झालं का, गॅस-चूल पेटते का, जनावरं किती आहेत आणि कुठे बांधलीत, आत्तापर्यंत कुणाकुणाची मदत येऊन गेली आणि त्यात काय काय आलं, मोठा ट्रक गावापर्यंत येतो का अलीकडे उतरवून ट्रॅक्टरने न्यावं लागेल. शेवटचा प्रश्न नेहमी हा ठेवा की काय आणू नको. लोक मोकळं उत्तर देतात आणि तुमचा निम्मा ट्रक वाचतो.

चूल पेटते का हे विचारण्याला कारण आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत घरात गुडघाभर गाळ असतो, सिलेंडर कुठेतरी तरंगत गेलेला असतो, आणि आपण नेऊन देतो तांदूळ-डाळीचं किट. ते बिचारे ठेवणार कुठे आणि शिजवणार कशावर? तेव्हा शिजलेलं जेवण, भाकरी-चटणी, पाणी असं लागतं. कोरडा शिधा त्यानंतर, घर धुवून एक कोपरा कोरडा झाला की.

सगळ्यात मोठी गोची म्हणजे रस्त्याकडेची गावं. मदतीची गाडी मोठ्या रस्त्याने येते, पहिलं गाव दिसलं की लोक हात करतात, गाडी तिथेच रिकामी होते. मागून येणारी दुसरी गाडी पण तिथेच. आणि आत चार-पाच किलोमीटरवरच्या वाडीला बिस्किटाचा पुडा पण पोचत नाही. २०१९ ला पुणे-बेंगळुरू हायवे शिरोलीजवळ पाण्याने काही दिवस बंद होता, तो सुरू झाल्यावर हे शिरोळ तालुक्यात आणि सांगलीच्या बाजूला पण डोळ्याने बघितलंय. हात करणाऱ्या लोकांची चूक नाही, त्यांच्याही घरात पाणी आलेलंच असतं. पण आपण निघतानाच गाव पक्कं करायचं, गावातला एक माणूस अलीकडच्या फाट्यावर बोलवायचा, त्याला गाडीत बसवायचं आणि मधे कुठेही ताडपत्री सोडायची नाही.

निघायच्या दिवशी पाण्याची पातळी परत बघा. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, सांगलीत आयर्विन पुलाला ४० आणि ४५, हे आकडे रोज जाहीर होतात. २०१९ ला राजारामला ५५ च्या वर आणि आयर्विनला ५७ च्या वर पाणी गेलं होतं. धरणातून विसर्ग वाढवला तर ओसरलेलं पाणी परत चढतं आणि गाडी पोरांसकट आत अडकते. कोकणात जाणार असाल तर घाट चालू आहे का आणि जड वाहन सोडतात का हे विचारल्याशिवाय निघू नका.

२. कोण काय करणार ते एका कागदावर लिहा

वीस जणांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आणि सगळेच ॲडमिन, असं काम चालत नाही. पाच जबाबदाऱ्या आणि प्रत्येकीला एकच नाव: गावाशी बोलणारा, पैसे बघणारा, गोडाऊन बघणारा, स्वयंसेवक बघणारा, गाड्या बघणारा. पैसे बघणारा आणि खरेदी करणारा एकच माणूस नको, कितीही विश्वासातला असला तरी. हे विश्वासाचं नाही, उद्या कुणी बोट दाखवलं तर त्याच माणसाला उत्तर द्यायला सोपं जावं म्हणून आहे.

गावाशी बोलणारा एकच ठेवा. नाहीतर सरपंचाला दिवसातून तुमच्याच ग्रुपचे सात फोन जातात आणि तो उचलायचंच बंद करतो.

३. पैसे

इथे घाई करू नका, कारण बाकी सगळं सुधारता येतं पण पैशावरून गेलेलं नाव परत येत नाही.

स्वतःच्या गूगल पे किंवा फोन पेचा क्यूआर ग्रुपवर टाकून वर्गणी गोळा करायची पद्धत सर्रास चालते आणि तीच सगळ्यात धोक्याची. एकतर तुमच्या पर्सनल खात्यात नातेवाईक नसलेल्या लोकांकडून वर्षात ५०,००० रुपयांच्या वर रक्कम आली की इन्कम टॅक्सच्या हिशोबात ती तुमचं उत्पन्न धरली जाऊ शकते. दुसरं म्हणजे अनोळखी लोकांकडून पटापट पैसे यायला लागले आणि त्यातल्या एकाच्या व्यवहारावर सायबर तक्रार निघाली तर बँक खातंच गोठवते, मग तुमचा पगार पण अडकतो आणि पूरग्रस्तांचे पैसे पण.

तिसरं बऱ्याच जणांना माहीतच नसतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मध्ये कलम ४१ क आहे. नोंदणी नसलेल्या मंडळाने किंवा ग्रुपने धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे किंवा वस्तू गोळा करायच्या असतील तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाला कळवावं लागतं. गणपतीच्या वर्गणीसाठी मंडळं जी परवानगी काढतात ना, तीच ही. अर्ज ऑनलाईन होतो, मंडळाचा ठराव, पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं, पत्त्याचा पुरावा असे कागद लागतात, परवानगी ठरावीक मुदतीची असते आणि नंतर हिशोब द्यावा लागतो.

म्हणून नवीन ग्रुपला माझा सल्ला साधा आहे: स्वतः पैसे गोळाच करू नका. तुमच्या भागातली नोंदणी असलेली, पूर यायच्या आधीपासून काम करणारी एखादी संस्था गाठा, पैसे थेट त्यांच्या खात्यात जाऊ द्या, खरेदीचं आणि वाटपाचं काम तुम्ही करा आणि बिलं त्यांच्या नावाने घ्या. काय तुम्ही बघणार आणि काय ते बघणार हे एका पत्रावर लिहून दोघांच्या सह्या. लोकांना पावती मिळते, संस्थेकडे ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारी मान्यता) असेल तर टॅक्समध्ये सूट मिळते, तुमच्या डोक्याचा ताप जातो. ८०जी बद्दल लोक हमखास विचारतात तर हे सांगून ठेवा की रोख २,००० च्या वर दिले तर सूट नाही, वस्तू दिल्या तर नाही, आणि नवीन कर प्रणाली निवडली असेल तर ही सूट धरताच येत नाही. ज्यांना नुसतेच पैसे द्यायचेत, कामात यायचं नाही, त्यांना मुख्यमंत्री सहायता निधीचा अधिकृत खाते क्रमांक द्या.

बाहेरच्या देशातल्या आपल्या लोकांचे फोन पण लगेच येतात, तिकडची महाराष्ट्र मंडळं फार मनापासून पैसे जमवतात. इथे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, आडवा येतो. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवतो ते परदेशी देणगीत मोडत नाही, त्याच्याकडून पासपोर्टची कॉपी घेऊन ठेवा. पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलंय, ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असलं तरी, त्याची देणगी परदेशी धरतात. तिकडच्या मंडळाने जमवलेले पैसे पण परदेशीच. ते फक्त एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येतात आणि ते दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावे लागतात. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी संस्था ते पैसे दुसऱ्या संस्थेला पुढे देऊ शकत नाही. त्यामुळे तिकडच्या मंडळींना आधीच सांगा की जी संस्था स्वतः गावात उतरून काम करतेय तिलाच थेट द्या. ‘आमच्या खात्यात टाका, आम्ही बघतो’ असं कुणाला म्हणू नका.

रोज रात्री ग्रुपवर तीन ओळी टाका, आज किती आले, किती गेले, हातात किती. एवढं केलं की निम्मे प्रश्न कुणी विचारतच नाही. आणि तुमच्या नावाने दुसऱ्याच कुणाचा क्यूआर फिरत नाही ना ते पण बघत जा, पुराच्या काळात हे प्रकार होतात, दिसला की लगेच सायबर हेल्पलाइनला, १९३० ला सांगा.

४. सामान: काय मागायचं आणि काय नाकारायचं

‘जमेल ते द्या’ असं आवाहन कधीच करू नका. हे तीन शब्द लिहिले की दुसऱ्या दिवशी तुमच्या हॉलमध्ये जुन्या कपड्यांचा ढीग लागतो. जुने कपडे हा २०१९ ला सगळ्यांना झालेला त्रास आहे. फाटके, बटणं नसलेले, न धुतलेले, लग्नातले शेरवानी आणि घागरे. ते निवडायला पोरं गुंततात, ट्रकमध्ये जागा जाते, गावात नेल्यावर कुणी हात लावत नाही, पावसात भिजतात आणि शेवटी ज्या गावात आधीच कचऱ्याचे डोंगर आहेत तिथे आपला आणखी एक ढीग. घर गेलेल्या बाईला कुणाचं वापरलेलं परकर-ब्लाउज देणं बरं दिसतं का? कपडे द्यायचेच तर नवीन द्या: गाऊन, साडी, लुंगी, टॉवेल, चादर, मुलांचे कपडे वयाप्रमाणे, आतले कपडे मापाप्रमाणे. सॅनिटरी पॅड लोक मागत नाहीत लाजेने, ते न मागता ठेवा.

पहिल्या आठवड्यात बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या एवढ्या येतात की गावात रस्त्याकडेला बाटल्यांचा खच पडतो. त्यापेक्षा पाण्याचा टँकर आणि झाकणाची टाकी द्या, क्लोरीनच्या गोळ्या द्या. आणि घर साफ करायचं किट फार कमी लोक आणतात, म्हणून आम्ही तेच जास्त नेतो. एका घराच्या किटमध्ये हे असतं: खराटा, वायपर, फावडं, दोन घमेली, प्लास्टिकची बादली-मग, फिनेल, ब्लिचिंग पावडरची पिशवी, रबरी हातमोजे, मास्क, चार जाड गोणपाट, टॉर्च. ब्लिचिंग पावडर आणि संडास धुवायचं ॲसिड एकत्र वापरू नका हे चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहा, त्यातून विषारी वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये माणूस गुदमरतो.

जनावरांना विसरू नका. आमच्याकडे घरात पाणी आलं तरी माणूस आधी म्हैस सोडवतो. चारा कुजलेला असतो, तर ओली-सुकी वैरण, पेंड, जंतनाशक, आणि शक्य असेल तर जनावरांचे डॉक्टर. एक ट्रॉली कडबा पोचला की माणसाच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते दहा किटांनी दिसत नाही.

गोडाऊन म्हणून शाळा घेऊ नका, ती लवकर सुरू झाली पाहिजे. मंगल कार्यालय, गोदाम, मोठा गाळा बघा, जमीन कोरडी आणि खाली लाकडी फळ्या. वहीत रकाने एवढेच: तारीख, कुणाकडून आलं, काय, किती, कुठल्या गाडीने गेलं, कुठल्या गावाला, उतरवून कुणी घेतलं आणि त्याची सही. औषधं आली तर वेगळी पेटी, एक्स्पायरी बघणारा फार्मासिस्ट नसेल तर औषधं घेऊच नका.

५. स्वयंसेवक

पहिल्या रविवारी शंभर जण येतात, पुढच्या बुधवारी चार. हे गृहीत धरूनच आखणी करा. येणाऱ्या प्रत्येकाचा गूगल फॉर्म भरून घ्या: नाव, वय, फोन, घरच्या एकाचा फोन, रक्तगट, काही आजार किंवा चालू गोळ्या, कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत आणि हातात काय कला आहे. हा शेवटचा प्रश्न फार कामाचा. वायरमन, प्लंबर, नर्स, गवंडी, मोटार रिपेअर करणारा, ट्रॅक्टर चालवणारा, हिशोब लिहिणारा, फॉर्म भरणारा. फावडं मारायला माणूस मिळतो, पण एक इलेक्ट्रिशियन दिवसात पंधरा घरं तपासून देतो. शनिवार-रविवारची गर्दी पुढच्या दोन-तीन आठवड्यांत वाटून द्या. लोकांना नाही म्हणायला जीवावर येतं हे कळतं मला, पण ‘दादा, या रविवारी माणसं भरपूर आहेत, तुम्ही अठरा तारखेला या, तेव्हा खरंच कुणी नसणार’ असं सांगितलं की बहुतेक जण येतात.

अठरा वर्षांखालच्या मुलांना गाळात उतरवू नका, त्यांना पॅकिंगला ठेवा.

आलेल्या माणसाने गावावर भार टाकायचा नाही. जेवण, पाणी, झोपायची चटई, स्वतःचा डबा स्वतः. पूरग्रस्त घरातली माऊली आपल्या चहासाठी दूध शोधत फिरते, हे होऊ देऊ नका. पण तिने केलाच चहा तर नाकारू पण नका, बसून प्या आणि बोला चार शब्द.

तब्येतीच्या बाबतीत माझं ऐकाच. पुराच्या चिखलात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, उंदीर-जनावरांच्या लघवीतून पसरणारा ताप) धोका असतो, पायाला साधी चीर असली तरी जंतू आत जातो. गमबूट आणि हातमोजे नसतील तर गाळात उतरायचं नाही, कितीही जोश असला तरी. धनुर्वाताचं इंजेक्शन आधी घ्या. आरोग्य विभाग पूरग्रस्त भागात डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या देतो, त्या तिथल्या डॉक्टरला विचारूनच घ्या, गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी वेगळं असतं. घरी गेल्यावर ताप, अंगदुखी, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरला ‘मी पुराच्या गाळात काम करून आलोय’ हे पहिलं वाक्य सांगायचं. परतलेल्या पोरांना आठवड्याने आणि परत पंधरा दिवसांनी एक मेसेज टाकून विचारा, कारण लेप्टोचा ताप उशिरा पण येतो.

मनावर पण येतं. २०२१ ला २२ जुलैला, चिपळूण बुडालं त्याच दिवशी, महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली. अशा ठिकाणी जाऊन आलेला माणूस गप्प होतो. रात्री सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचं आणि कुणी बोलला तर ऐकायचं, एवढं तरी ठेवा.

६. गाळ काढताना

घराला हात लावायच्या आधी तीन गोष्टी. एक, पंचनामा झालाय का विचारा. झाला नसेल तर भिंतीवरची पाण्याची रेघ, प्रत्येक खोली, भिजलेलं धान्य, फ्रिज, टीव्ही, पडलेली भिंत या सगळ्याचे फोटो आणि व्हिडिओ तारीख-लोकेशनसकट काढून घरमालकाच्याच फोनवर ठेवा. उत्साहात आपण घर चकचकीत करतो आणि दुसऱ्या दिवशी तलाठी आला की नुकसान दिसतच नाही, त्या माणसाची भरपाई बुडते. विमा असेल तर कंपनीला कळवल्याशिवाय काही टाकू नका. दोन, मेन स्विच बंद, आणि महावितरणच्या किंवा जाणत्या वायरमनने तपासल्याशिवाय चालू नाही. फ्रिज, मोटर, मिक्सर वाळल्यासारखे दिसले तरी लावायचे नाहीत. तीन, काठीने आपटत आत जा, घोणस-मण्यार कोरड्या जागेच्या शोधात माळ्यावर, कपाटामागे, लाकडांत बसलेले असतात. सर्पमित्राचा आणि १०८ चा नंबर प्रत्येक टोळीकडे हवा.

काम आतल्या खोलीपासून दाराकडे न्यायचं. आठ जणांची टोळी धरा: दोघं फावड्याने गाळ भरणार, चौघं घमेली पुढे देणार, एक जण बाहेर ट्रॉलीपाशी, एक जण घरच्या माणसासोबत सामान निवडणार. गाळ ओला आहे तोवर काढा, तीन-चार दिवसांत वाळला की टिकाव लागतो. गटारात ढकलू नका, पुढच्या पावसात पाणी परत त्याच घरात येतं. नगरपालिका किंवा ग्रामपंचायत ट्रॉली कुठे रिकामी करायची ते सांगते, जागा आधीच ठरवून घ्या.

सामान निवडणारा तो एक माणूस सगळ्यात महत्त्वाचा. चिपळूणच्या बाजारपेठेत एका किराणा दुकानात पोरांनी चिखलाने माखलेल्या वह्यांचा गठ्ठा ट्रॉलीत टाकायला उचलला, आणि दुकानदार काका अक्षरशः धावत आले. ती उधारीची वही होती. दुकानातला सगळा माल गेला होता, आता जे काही परत येणार होतं ते त्या पानांत लिहिलेलं होतं. मग एका मुलीने बसून पान-पान सुटं केलं, मधे वर्तमानपत्राचे कागद घातले, पंख्याचा वारा नव्हता म्हणून पुठ्ठ्याने वारा घातला आणि जेवढी वाचता आली तेवढ्या पानांचे फोटो काढून काकांच्या मुलाला पाठवले. तेव्हापासून आमचा नियम आहे की घरातली एकही वस्तू घरच्या माणसाला दाखवल्याशिवाय बाहेर फेकायची नाही, मग ती कितीही कुजकी दिसो. सातबारा, रेशन कार्ड, आधार, पासबुक, शाळेचे दाखले, जुने फोटो हे उन्हात टाकू नका, सावलीत सुटे करून वाळवा.

७. वाटप

चौकात गाडी लावून वाटप करू नका, जो दांडगा तो नेतो. आदल्या दिवशी घरोघर फिरून कुपन द्या आणि यादी त्याच वेळी बनवा. तयार यादी मिळाली तरी फिरा. कारण यादीत भाडेकरू नसतात, वीटभट्टीवरचे मजूर नसतात, पालात राहणारी भटकी कुटुंबं नसतात, गावाबाहेरच्या वस्तीवर कुणी गेलेलं नसतं. रेशन कार्ड नाही म्हणून कुणाला परत पाठवायचं नाही, पुरात वाहून गेलेला कागद तो आणणार कुठून? म्हाताऱ्या माणसांना आणि एकट्या बायकांना घरी नेऊन द्या.

फोटो सामानाचा काढा, गाडीचा काढा, काम करणाऱ्यांचा काढा. हात पुढे केलेल्या माणसाचा नको. किटावर कुणाचा चेहरा, कुणाचं नाव छापायचं नाही, देणाऱ्याने अट घातली तर ते सामान नाकारा. काल-परवापर्यंत स्वतःच्या शेतात दहा माणसं जेवू घालणारा शेतकरी आज रांगेत उभा असतो, त्याची मान खाली जाईल असं काही आपल्या हातून व्हायला नको.

८. तिसऱ्या आठवड्यानंतर

खरी मदत इथून पुढे लागते आणि तेव्हा रस्ता रिकामा असतो. म्हणून आलेल्या पैशातला निम्मा तरी हिस्सा पहिल्या पंधरा दिवसांत खर्चच करू नका, हे देणगीदारांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा म्हणजे ‘पैसे पडून का?’ असं कुणी म्हणणार नाही.

तेव्हा गावात परत बसून यादी करा. शिलाई मशीन, पिठाच्या गिरणीची मोटर, सलूनची खुर्ची, सुताराची हत्यारं, वडापावचा गाडा, इस्त्रीचं टेबल. यातलं एक उभं राहिलं की घर उभं राहतं. नवीन घ्यायच्या आधी दुरुस्ती बघा. २०१८ च्या केरळच्या पुरानंतर आयटीआयच्या पोरांनी गावोगाव जाऊन वायरिंग आणि घरातली यंत्रं दुरुस्त करून दिली, आपल्याकडे तर तालुक्या-तालुक्याला आयटीआय आहे, प्राचार्यांना जाऊन भेटा. शेतीचं तर अजून लांबचं. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीकाठी माढा-परांडा भागात पीक तर गेलंच पण जमीनच खरवडून गेली, तिथे किट देऊन काय होणार? तिथे माती भरायला ट्रॅक्टरचं डिझेल, रब्बीचं बियाणं असं लागतं. पोरांच्या वह्या-दप्तरं, बारावीवाल्यांची पुस्तकं, परीक्षेची फी हे पण आत्ताच.

कागदाचं काम पण भरपूर असतं: रेशन कार्डाची दुसरी प्रत, सानुग्रह अनुदान का आलं नाही, आधार खात्याला जोडलंय का, विम्याचा दावा. लॅपटॉप घेऊन ग्रामपंचायतीत आठवड्यातून दोन दिवस बसणारे दोन जण एका ट्रकपेक्षा जास्त काम करतात.

सोबत लागणारे कागद आणि हत्यारं

कागद: मंडळाचा किंवा संस्थेचा ठराव आणि पत्र, नोंदणीची कॉपी, ४१ क ची परवानगी लागत असेल तर ती, पावती पुस्तक, गाडीसोबत सामानाची यादी दोन प्रती (एकावर गावातल्या माणसाची सही घेऊन परत आणायची), ड्रायव्हरचं लायसन्स आणि गाडीचे कागद, स्वयंसेवकांची यादी फोनसकट, तहसीलदार किंवा बीडीओंशी बोलणं झालं असेल तर त्यांचं नाव-तारीख.

हत्यारं: फावडी, टिकाव, घमेली, खराटे, वायपर, मड पंप, जनरेटर, प्रेशर वॉशर, पाईप, दोरखंड, ताडपत्री, टॉर्च, पॉवर बँक, प्रथमोपचाराची पेटी, ओआरएस, मार्कर पेन, जाड पिशव्या. मड पंप आणि प्रेशर वॉशर भाड्याने मिळतात पण पुराच्या जिल्ह्यात मिळत नाहीत, निघतानाच आपल्या गावातून घ्या.

९. हिशोब बंद करणं

काम संपलं की महिन्याभरात हिशोब बंद करा, लांबवू नका. जमा, खर्च, बिलं, सामानाची वही, गाव आणि घरांची संख्या, सगळं एका पीडीएफमध्ये करून देणाऱ्या प्रत्येकाला पाठवा, दहा रुपये देणाऱ्याला पण. ४१ क ची परवानगी घेतली असेल तर धर्मादाय कार्यालयात हिशोब द्या. गावालाही एक प्रत द्या, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. पैसे उरले तर बैठक घेऊन लेखी ठराव करा की ते कुठे जाणार, आणि ज्या कामासाठी मागितले त्याच कामाला जाऊ द्या, मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला नको. उरलेले गमबूट, पंप, फावडी धुवून, वाळवून, तेल लावून एका जागी ठेवा आणि चावी कुणाकडे आहे ते ग्रुपवर लिहून ठेवा.